कृत्रिम गुडघ्यात पू झालाय, सांधा न काढता बरा होईल का?

नमस्कार. तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. आईंचं वय ६८, मधुमेह जुना. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले, त्याला आठ महिने झाले. डावा उत्तम. उजवा पहिल्यापासून कोमट आणि सुजलेला, आणि गेल्या तीन महिन्यांत टाक्यांच्या व्रणाच्या खालच्या टोकाला बारीक तोंड पडून त्यातून पू येतो. गोळ्या सुरू केल्या की आठ-दहा दिवस कोरडं, बंद केल्या की पुन्हा ओलं. तोंडाशी कापूस फिरवून केलेल्या तपासणीत एकदा ई. कोलाय हा जंतू आला, दुसऱ्यांदा स्यूडोमोनास. सध्या लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू आहे. एक सर्जन दुर्बिणीतून धुऊन घेऊ म्हणतात, दुसरे म्हणतात सांधा काढावा लागेल आणि दोन ऑपरेशनं होतील. तुमचा प्रश्न असा, की सांधा वाचवणारं एखादं जास्त जोरदार अँटिबायोटिक आहे का. जोडीला डाव्या गुडघ्याचीही काळजी.

मी बरीच वर्षं सांधेबदलाचं काम करतोय आणि त्यातला मोठा भाग बिघडलेले, जंतुसंसर्ग झालेले गुडघे दुरुस्त करण्याचा आहे. आईंना तपासलेलं नाही, एक्स-रे पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी 'जर-तर'मध्येच सांगेन. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याशिवायही देता येतं: असं अँटिबायोटिक नाही. आणि दोन सर्जनांमध्ये मतभेद दिसतोय तो खरं तर औषधाचा नाहीच. जंतू त्या धातूवर किती दिवसांपासून बसलेत, यावर सगळं ठरतं.

कारण असं. जिवंत हाडात किंवा मांसात जंतू शिरले तर रक्तपुरवठा असतो, पांढऱ्या पेशी पोहोचतात, औषध पोहोचतं. धातू, प्लॅस्टिक आणि हाडाचं सिमेंट (सांधा हाडाला पक्का धरणारं) यांना रक्तपुरवठा नाही. तिथे जंतू चिकटले की काही दिवसांत स्वतःभोवती चिकट थर विणतात, ज्याला आम्ही बायोफिल्म म्हणतो. पाण्याच्या टाकीच्या आतून चढणारा बुळबुळीत थर तुम्ही पाहिला असेल; नुसतं पाणी बदलून तो जात नाही, घासावा लागतो. या थरातले जंतू अर्धवट झोपेत असतात, वाढत नाहीत, आणि बहुतेक अँटिबायोटिकं वाढणाऱ्या जंतूंनाच मारतात. प्रयोगशाळेत एरवी जेवढ्या मात्रेत जंतू मरतो, त्याच्या शेकडो पट मात्रा या थरातल्या जंतूला लागू शकते. तेवढी मात्रा माणसाला देता येत नाही. म्हणून गोळ्या चालू असताना थराबाहेर पोहणारे जंतू मरतात, पू थांबतो, सगळ्यांना बरं वाटतं; गोळ्या थांबल्या की थरातले जंतू पुन्हा बाहेर पडतात. तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय.

हा थर कच्चा असतो तोवर सांधा वाचवता येतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत जखम वाहू लागली, किंवा वर्षानुवर्षं छान चाललेला गुडघा पायावरच्या गळवातून किंवा लघवीच्या संसर्गातून रक्तावाटे आलेल्या जंतूंमुळे अचानक फुगला आणि त्रास सुरू होऊन तीन आठवडे उलटले नाहीत, तर आम्ही गुडघा पूर्ण उघडतो, सगळी सुजलेली अस्तरं काढतो, दोन धातूंमधली प्लॅस्टिकची चकती बदलतो, कित्येक लिटर सलाईनने धुतो आणि धातू जागेवर ठेवतो. सांधा हाडाला घट्ट हवा, त्वचा धड हवी, जंतूवर चालणारं औषध हवं. इतकं जुळलं तर यश चांगलं येतं. न जुळता केलं तर महिना-दोन महिन्यांत पुन्हा पू.

चकती का बदलायची? एक तर तिच्याखाली जंतू लपतात. शिवाय ती काढल्याशिवाय गुडघ्याच्या मागच्या भागात हात पोहोचत नाही. दुर्बिणीतून धुण्याला माझा विरोध याच कारणाने आहे. दोन छिद्रांतून चकती निघत नाही, मागचं अस्तर निघत नाही. अगदी अलीकडच्या संसर्गातही उघडून केलेल्या सफाईच्या तुलनेत दुर्बिणीचे निकाल कमी पडतात. आईंच्या बाबतीत तर आठ महिने झालेत.

त्यातून व्रणाला पडलेलं ते तोंड. आत सांध्यापर्यंत जाणारी अशी वाट सापडली, तर सांध्यात संसर्ग आहे की नाही हा वादच उरत नाही; जगभरच्या निकषांमध्ये तेवढा एक पुरावा पुरेसा धरतात. आणि संसर्ग जुना आहे हेही त्यातून कळतं. तेव्हा दुसऱ्या सर्जनांचं म्हणणं मला बरोबर वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते या आठवड्यात करण्यासारखं आहे: सर्जनांशी बोलून लिनेझोलिड थांबवा. ताप, थंडी, गुंगी असेल तर गोष्ट वेगळी, मग थेट भरती व्हायचं. पण आई ठीक असतील तर किमान दोन आठवडे कुठलंही अँटिबायोटिक नको. मधल्या काळात पू वाढेल, घरचे घाबरतील, शेजारचे डॉक्टर 'निदान एक कोर्स तरी' म्हणतील. तरी नको. गोळ्यांच्या आडोशाला जंतू तपासणीत उगवत नाहीत, रिपोर्ट 'नो ग्रोथ' येतो, आणि मग पुढचे तीन महिने आम्ही अंधारात औषधं देत बसतो. शिवाय लिनेझोलिड दोन आठवड्यांपलीकडे चाललं तर प्लेटलेट आणि रक्तपेशी घटू शकतात, अधिक लांबलं तर पायांच्या नसांना इजा होते. मधुमेहात नसा आधीच नाजूक. सध्याचा हिमोग्राम करून घ्या.

ते दोन स्वॅबचे (तोंडाशी फिरवलेल्या कापसाचे) रिपोर्ट मनातून काढून टाका. व्रणाच्या तोंडाशी त्वचेवरचे, चादरीवरचे, बाथरूममधले सगळे जंतू वस्तीला येतात. दोन वेळा दोन वेगळी नावं आली ती त्यामुळेच. आतला खरा भाडेकरू तिसराच असण्याची शक्यता बरीच आहे; गुडघ्यात बहुतेकदा स्टॅफिलोकोकस कुळातलाच कुणीतरी निघतो.

तपासणी करायची ती सांध्यातल्या पाण्याची. औषध बंद करून दोन आठवडे झाले की, व्रणाच्या तोंडापासून लांब, धड त्वचेतून सुई घालून पाणी काढतात. आमच्याकडे हे छोट्या ऑपरेशनच्या शिस्तीत होतं: पूर्ण निर्जंतुक तयारी, आणि भूल त्वचेपुरतीच, कारण भुलीचं औषध सांध्यात गेलं तर जंतूंची वाढ दबते. निघालेलं पाणी निरोगी असेल तर गवती पिवळं आणि पारदर्शक दिसतं, नळीमागे धरलेला छापील कागद त्यातून वाचता येतो. संसर्गात ते गढूळ, ताकासारखं. त्यातलं थोडं पेशी मोजायला जातं. जुन्या संसर्गात एका मायक्रोलिटरमध्ये ३,००० च्या वर पांढऱ्या पेशी आणि त्यात ८० टक्क्यांच्या वर न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असले की आम्ही संसर्ग मानतो. उरलेलं पाणी तिथल्या तिथे ब्लड कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या, बाटल्यांत भरायचं, साध्या नळीपेक्षा त्यात जंतू जास्त वेळा उगवतात. आणि प्रयोगशाळेला लेखी सांगायचं की कल्चर १४ दिवस ठेवा. नेहमीच्या तीन-पाच दिवसांत आळशी जंतू उगवतच नाहीत.

आपल्याकडे आणखी एक चाचणी मी सोडत नाही: क्षयाची. बदललेल्या गुडघ्यात टीबी विरळा, पण आपल्या देशात तो विसरून चालत नाही, आणि सिप्रोफ्लोक्सासिन-लिव्होफ्लोक्सासिनसारख्या गोळ्यांनी तो अर्धवट दबून निदान लांबतं. पाण्याबरोबर किंवा ऑपरेशनमध्ये घेतलेल्या तुकड्यांबरोबर त्याचं कल्चर आणि सीबी-नॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणी) पाठवा. मधुमेहात, आणि इतकी अँटिबायोटिकं झाल्यावर, बुरशीचीही.

रक्तातला सीआरपी आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणाऱ्या चाचण्या) करा, पण त्यांच्यावर विसंबू नका. लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर सीआरपी असेल तर संशय बळावतो. नॉर्मल आला म्हणून संसर्ग नाही असं मात्र होत नाही. हाडांचा स्कॅन कोणी सांगितला तर पैसे वाचवा. ऑपरेशननंतर वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ तो तसाही उजळलेलाच असतो. साधा एक्स-रे मात्र हवा, आणि ऑपरेशननंतर लगेचचा जुना एक्स-रेही शोधून ठेवा. सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये काळी रेघ आली आहे का, ती वाढते आहे का, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

आता सांधा काढायचाच, तर एका टप्प्यात की दोन? इथे मात्र परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. एका टप्प्यात, म्हणजे जुना काढून त्याच भुलीत नवा बसवणं, ही पद्धत जर्मनीत हॅम्बर्गला रुजली. तिथल्या बुखहोल्झ यांनी १९७० च्या सुमाराला हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळायला सुरुवात केली आणि त्यातून ती उभी राहिली. एकच ऑपरेशन, एकच मुक्काम, पाय लवकर चालता. पण त्यासाठी जंतूचं नाव आणि त्याचं औषध आधीच माहीत हवं, हाड-मांस भरपूर हवं, त्वचा चांगली हवी. नाव माहीत नाही, व्रणाला तोंड पडलंय, साखर वर आहे, अशा आईंना मी तरी सध्या एका टप्प्याचा सल्ला देणार नाही. पाण्याच्या तपासणीत ओळखीचा, औषधांना दबणारा जंतू निघाला, तर पुन्हा विचार करता येईल.

दोन टप्प्यांची पद्धत न्यूयॉर्कच्या जॉन इन्सॉल यांच्या गटाने १९८३ मध्ये मांडली: सांधा काढा, सहा आठवडे शिरेतून औषध द्या, मग नवा बसवा. तपशील बदलले, सांगाडा तोच आहे. पहिल्या ऑपरेशनमध्ये काय होतं ते नीट सांगतो, कारण घरच्यांना 'सांधा काढणार' एवढंच कळतं आणि भीती तिथेच वाढते.

व्रणाच्या तोंडासकट जुनी वाट कापून काढतात. आत शिरल्यावर पहिलं काम नमुन्यांचं: वेगवेगळ्या पाच-सहा जागांचे तुकडे, प्रत्येकासाठी स्वच्छ चिमटा आणि सुरी, प्रत्येकाची वेगळी डबी. दोन डब्यांत एकच जंतू उगवला तर तो खरा गुन्हेगार. एकाच डबीत उगवला तर कदाचित वाटेतला पाहुणा. मग धातू आणि हाड यांच्यामधलं सिमेंट पातळ पात्याच्या करवतीने सोडवत सांधा सुटा करतात. ही घाई करण्याची जागा नाही, इथे घाई केली की मांडीच्या हाडाचे कोपरे तुटतात आणि पुढच्या सांध्याला टेकायला जागा उरत नाही. मग सगळं जुनं सिमेंट, मेलेलं हाड, अस्तर. धुलाई. मग कपडे, हातमोजे, पडदे, हत्यारं सगळं बदलून स्पेसर.

स्पेसर म्हणजे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गुडघा. ४० ग्रॅमच्या सिमेंटच्या पुडीत व्हँकोमायसिनची पूड काही ग्रॅम घालतो, जोडीला बहुतेकदा जेंटामायसिन. ही औषधं सिमेंटच्या उष्णतेत टिकतात म्हणून निवडलेली. एवढी पूड घातली की सिमेंट रवाळ होतं आणि सेट व्हायला वेळ घेतं. नेहमीच्या सांध्यासाठी असलं सिमेंट मी वापरणार नाही. स्पेसरला मात्र सच्छिद्रपणाच हवा असतो, त्यातून औषध झिरपतं. म्हणून इथे व्हॅक्युम मिक्सर बाजूला ठेवून वाडग्यात हाताने कालवतो. सांध्याच्या पोकळीत औषधाची जी मात्रा मिळते ती शिरेतून देऊन कधीच मिळाली नसती.

स्पेसर दोन प्रकारचे: गुडघा थोडा वाकू देणारा आणि सरळ जाम ठेवणारा. हाड आणि सांधा बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या (लिगामेंट) शाबूत असतील तर पहिला. त्यावर वॉकर घेऊन, अर्धा भार टाकून घरात फिरता येतं. कमोडची सोय आत्तापासून करा, आणि आईंची झोपायची खोली वरच्या मजल्यावर असेल तर खाली आणा.

औषध किती दिवस आणि कसं? 'सहा आठवडे सलाईनमधूनच' हा हट्ट आता सैल झालाय. ब्रिटनमधल्या २६ केंद्रांत १,०५४ हाड-सांध्याच्या रुग्णांवर ओव्हिवा नावाचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा आठवड्यांत तोंडावाटे औषध घेणाऱ्यांत वर्षभरात १३.२ टक्के अपयशी ठरले, शिरेतून घेणाऱ्यांत १४.६ टक्के. म्हणजे नीट निवडलेली गोळी कमी पडली नाही. 'नीट निवडलेली' हे शब्द महत्त्वाचे, जंतूचं नाव कळल्याशिवाय निवड होत नाही. कालावधी मात्र कापू नका. फ्रान्समधल्या २०२१ च्या अभ्यासात सहा आठवड्यांचा कोर्स बारा आठवड्यांच्या तुलनेत कमी पडला, संसर्ग उरलेल्यांचं प्रमाण १८.१ विरुद्ध ९.४ टक्के. सर्वांत मोठा फरक सांधा जागेवर ठेवलेल्यांमध्ये होता.

एका औषधाबद्दल आधीच सांगून ठेवतो. स्टॅफिलोकोकस निघाला आणि डॉक्टरांनी रिफाम्पिसिन लिहिलं तर 'टीबी झाला का' म्हणून घाबरू नका. बायोफिल्ममधल्या झोपलेल्या स्टॅफिलोकोकसपर्यंत पोहोचणाऱ्या मोजक्या औषधांतलं ते एक. १९९८ च्या स्विस अभ्यासात सिप्रोफ्लोक्सासिनच्या जोडीला रिफाम्पिसिन घेऊन कोर्स पूर्ण केलेले बाराच्या बारा बरे झाले, नुसत्या सिप्रोफ्लोक्सासिनवर बारापैकी सात. अभ्यास छोटा, आणि त्या सगळ्यांचा संसर्ग ताजा होता, धातू शरीरात ठेवलेला होता. आईंचा सांधा काढल्यावर त्याची गरज किती यावर मतं वेगळी आहेत. पण दिलंच तर कधीही एकटं नको, काही दिवसांत जंतू त्याला पुरून उरतो. जखम कोरडी झाल्यावरच सुरू करायचं. लघवी केशरी होईल, ते चालतं. रक्त पातळ करायच्या, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर ते कमी करतं, म्हणून फिजिशियनना न सांगता सुरू करू नका.

साखरेचं: एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी) आठच्या खाली आणा, जमलं तर साडेसातच्या आसपास. इन्सुलिन लागलं तर घ्या, ते कायमचंच असेल असं नाही. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासा. पू वाहून महिनोन्‌महिने प्रथिनं जातात, आणि आपल्या घरच्या आजारपणाच्या पेज-भातात ती परत येत नाहीत. अंडी, डाळी, दूध, जे चालत असेल ते भरपूर. मिश्री किंवा तंबाखू असेल तर ती आजच बंद.

दुसरा टप्पा कधी, याचं ठाम उत्तर कोणाकडेच नाही. साधारण दोन-तीन महिन्यांनी जखम कोरडी, सूज उतरलेली, सीआरपी खाली येत गेलेला, असं चित्र दिसलं की नवा सांधा. संसर्ग संपला हे शंभर टक्के सांगणारी एकही चाचणी नाही. शंका असेल तर पुन्हा सफाई आणि नवा स्पेसर, तेही घडतं. दोन टप्प्यांनंतर दहापैकी साधारण आठ-नऊ जण संसर्गमुक्त होतात असं सांगितलं जातं. मी घरच्यांना त्यात एक पुस्ती जोडतो, की पहिल्या टप्प्यानंतर काही जण तब्येतीमुळे दुसऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि त्या आकड्यात ते बऱ्याचदा धरलेले नसतात.

आईंचं हृदय किंवा किडनी दोन मोठी ऑपरेशनं सोसणार नाही असं निघालं, तर सांधा तसाच ठेवून, कमी मात्रेत, वर्षानुवर्षं दाबून ठेवणारी गोळी देता येते. तेव्हा ध्येय वेगळं: पू आटोक्यात आणि चालणं चालू. तिथेही जंतूचं नाव लागतंच.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आणली, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि पुनर्बदलाच्या सांध्याला १,१३,९५० रुपये ठरले, कर वेगळा. पुढे आकडे थोडे हलले, प्रमाण लक्षात घ्या. ही फक्त वस्तूची किंमत. दोन भुली, दोन मुक्काम, महिनोन्‌महिने औषधं याच्यावर. विम्याच्या कंपनीला दोन्ही टप्प्यांचं अंदाजपत्रक एकदम मागा आणि लेखी घ्या.

आता डाव्या गुडघ्याबद्दल. एका कृत्रिम सांध्यात संसर्ग असला की दुसऱ्यालाही धोका वाढतो हे खरं, पण तो न दुखता, न सुजता चालत असेल तर त्यात सुई घालायची गरज नाही. सर्जनांना दर भेटीत त्यालाही हात लावून बघायला सांगा. तो गरम झाला, एकाएकी सुजला, तर वाट पाहू नका आणि घरून गोळी देऊ नका. तिथे अजून तीन आठवड्यांची मुदत तुमच्या हातात असेल.

पाण्याचा रिपोर्ट आला की इथेच लिहा: पेशींची संख्या, न्यूट्रोफिलची टक्केवारी, जंतूचं नाव, तो कुठल्या औषधांना दबतो, आणि दोन्ही एक्स-रे. नाव, हॉस्पिटल वगैरे झाकून.